सगळ्यात पांढरी काडी

बोस्कोपमध्ये लाइस्बेतच्या तोडीचं कलम बांधणारं दुसरं कुणी नव्हतं. हे तिच्या वैऱ्यांनाही मान्य होतं, आणि अरुंद पट्ट्यांवर रोपं वाढवून पोट भरणाऱ्या त्या गावात वैरी म्हणजे दुसरं कोण, शेजारचे रोपवालेच. शंभर खुंटांवर, म्हणजे मुळं असलेल्या साध्या रोपांवर, तिनं कलमं केली तर सत्त्याण्णव जगायची, आणि उरलेली तीन का मेली याचा घोर तिला आठवडाभर पुरायचा. आता मात्र चाळीसातली एकोणचाळीस मेली होती. कुणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती. काडी निवडणारी तीच, चाकू चालवणारी तीच आणि वर पट्टी गुंडाळणारीही तीच.

उरलेलं एक झाड घरामागच्या पट्टीच्या टोकाला, चराच्या पाण्याला लागून उभं होतं. मेपलच, पण दुरंगी पानांचं. मूळ झाडाच्या पानांना उन्हाळाभर पांढरी किनार असायची आणि ऑक्टोबर लागला की किनार गुलाबी व्हायची, मधला हिरवा भाग पिकल्या चेरीसारखा लाल. या शेवटच्या झाडात हिरवं म्हणून काही उरलंच नव्हतं. मधल्या शिरेच्या कडेनं सुताएवढी रेघ, बस्स. दिसायला ते देखणं होतं, अगदी दृष्ट लागावी असं. पण जुलैच्या उन्हात पानांच्या कडा करपायच्या, आणि चार वर्षांत झाड लाइस्बेतच्या खांद्यालाही लागलं नव्हतं.

त्या झाडाला यंदा बुंध्यावर, कलमाच्या जरा वर, एक फुटवा आला होता. निव्वळ हिरव्या पानांचा, बोटभर जाड, एका मोसमात हातभर वाढलेला. दुरंगी झाडं अशी मधूनच आपल्या मूळ वळणावर जातात. तसा फुटवा दिसला की लगेच कापायचा, हे बोस्कोपमधलं पोर बोलायला लागायच्या आधी शिकतं, कारण ठेवला तर तो सगळं बळ आपल्याकडे ओढतो आणि पाच-सात वर्षांत झाड चारचौघांसारखं होऊन बसतं. लाइस्बेतनं तो जूनमध्येच पाहिला होता. कापला नव्हता. आता ऑक्टोबरात तो लालभडक झाला होता, आणि खरं बोलायचं तर अख्ख्या झाडावर तेवढाच एक जीव असलेला भाग होता.

"अगं, तो फुटवा काढायचा राहिलाय," सोमवारी सकाळी तिचा नवरा योस्त म्हणाला. त्याच्या हातात कात्री तयार होती.

"राहिला नाहीये. ठेवलाय."

"ठेवलाय? गुरुवारी समिती येतेय, आणि तू हे ठेवलंयस?"

"योस्त, तो आहे म्हणून हे झाड उभं आहे. बाकीच्या पानांत हिरवं नाही, त्यांना स्वतःचं पोट भरता येत नाही. हा एकटा कमावतो आणि सगळी खातात."

योस्तनं झाडाकडे पाहिलं, मग कात्रीकडे. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पन्नास वर्षं झाडांत गेलेल्या माणसाला ते सांगायला लागत नाही. "एक साधं पान दिसलं तर अर्ज बाद," तो म्हणाला. "पुन्हा तीन वर्षांनी. तोवर हे टिकेल?"

"नाही."

"मग झालं तर."

"जरा थांब," ती म्हणाली. "बुधवारी बघू."

समिती म्हणजे रोपवाल्यांच्या संघाचे तीन जाणते लोक. कुणाकडे नवं झाड निपजलं की ते ऐन रंगाच्या दिवसांत येऊन बघत. कलमावरून कलम असं तीन पिढ्या ते वाढवलेलं असलं पाहिजे, आणि तिसऱ्या पिढीच्या झाडावर एकही साधं पान दिसता कामा नये. पटलं तर झाडाचं नाव यादीत चढायचं आणि एकदा चढलेलं नाव कुणी पुसत नसे. गावातल्या पुरुषांनी आपापल्या बायकांची, मुलींची नावं अशी झाडांना देऊन ठेवली होती. कितीक जणांनी ते नुसत्या मिरवण्यासाठी केलं होतं. एकानं तर मेहुणीचं नाव दिलं, आणि त्यावरून घरात जे रामायण झालं ते अजून चघळलं जातं.

योस्तला नाव द्यायचं होतं विलमाइनचं. विलमाइन त्यांची एकुलती एक मुलगी. ती फांदी तिनंच शोधली होती, पंधरा वर्षांची असताना. साध्या मेपलांच्या रांगेतून तण काढत जाताना तिनं हाक मारली होती, "बाबा, या फांदीला बघा काय झालंय. घाबरून पांढरी पडलीय." योस्त हसला होता आणि त्यानं फांदीला खुणेची लाल लोकर बांधली होती. चार वर्षांनी, एकोणीस पुरी व्हायच्या आत, ती खाउडाहून सायकलनं घरी येत असताना एका ट्रकनं उजवीकडे वळण घेतलं. चालकाला ती दिसलीच नाही. त्याला आता आठ वर्षं झाली होती. गावातल्या रिवाजाप्रमाणे संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर अकरा एप्रिलला तिचं नाव अजून होतं. त्या घरात येणारा प्रत्येक पाहुणा ते वाचूनच बाहेर यायचा, आणि कुणी त्याबद्दल बोलायचं नाही.

तिला पुरल्यावर महिनाभर योस्त बोललाच नाही. मग एक दिवस बटाटे सोलता सोलता म्हणाला, "त्या झाडाला तिचं नाव देऊ." एवढंच. पण त्या दिवसापासून तो पुन्हा जेवायला लागला, पुन्हा दाढी करायला लागला. लाइस्बेतनं ते पाहिलं आणि मनाशी ठरवलं की हे झाड असं करायचं, की समितीला तोंड उघडायला जागा राहता कामा नये.

आणि तिथंच तिचं चुकलं. पहिल्या जानेवारीत ती काड्या निवडायला बसली तेव्हा तिचा सासरा बास्तियान जिवंत होता. बसूनच असायचा चुलीपाशी, पण लक्ष सगळं तिच्या हाताकडे. मागच्या उन्हाळ्यात तिनं सगळ्यात पांढऱ्या पानांच्या फांद्यांवर खुणा करून ठेवल्या होत्या, आणि नेमक्या त्याच काड्या ती वेचून घेत होती.

"अति तिथं माती, पोरी," म्हातारा म्हणाला होता. "थोडं कुरूप राहू दे त्यात. घरात कुरूप असतो तोच स्वयंपाक करतो."

"म्हणून तुम्ही इतकी वर्षं बसून खाताय होय, दिसायला बरे म्हणून?" ती म्हणाली होती, आणि म्हातारा खोकेपर्यंत हसला होता. सल्ला मात्र हवेत गेला. मुलीच्या नावाचं झाड. त्यात उणं काय म्हणून ठेवायचं?

पहिली पिढी झकास आली. दुसरीसाठी तिनं पहिलीतल्या पांढऱ्यात पांढऱ्या काड्या घेतल्या, तिसरीसाठी दुसरीतल्या. दर वेळी रंग चढत गेला आणि झाड उतरत गेलं. मधल्या एका ओल्या उन्हाळ्यात मातीतून मर रोग आला. मूळ झाड, पहिली पिढी आणि दुसरी, सगळं महिन्याभरात उभ्या उभ्या वाळलं. तेव्हापासून त्यांच्याकडे मेपलची कापलेली काडी एक रात्रही ठेवत नसत. त्याच दिवशी पिंपात घालून जाळत. तिसरी पिढी पलीकडच्या पट्टीवर होती म्हणून वाचली, आणि तीन कडक उन्हाळ्यांत उपाशी मेली. आजारानं नव्हे, उपाशी. लाइस्बेतला हा शब्द रात्रंदिवस टोचायचा.

मूळच्या दुरंगी काड्या मिळण्याच्या आशेला एकच जागा उरली होती. सतरा वर्षांची असताना विलमाइननं आयुष्यातलं पहिलं कलम केलं होतं, त्याच फांदीवरून. कलम वेडंवाकडं होतं, पण लागलं. ते रोप तिनं शेजारच्या क्राइनकाकांना देऊन टाकलं होतं. क्राइनकाका कुंपणाची झाडं वाढवायचे. पोरीला बर्फावर स्केटिंग करायला त्यांनीच शिकवलं होतं, पुढ्यात स्वयंपाकघरातली खुर्ची ढकलायला देऊन. पुढे त्यांनी आपली जमीन घरं बांधणाऱ्यांना विकली आणि ते रेवाइकला तळ्याकाठी राहायला गेले. विकायच्या आधी योस्तला विचारलं नाही, म्हणून योस्तनं त्यांचं नाव टाकलं होतं. त्यामुळे मंगळवारी सकाळी लाइस्बेत सायकल घेऊन निघाली तेव्हा तिनं योस्तला दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं.

क्राइनकाका फाटकातच उभे होते. वय ब्याऐंशी, तोंड पूर्वीइतकंच चालू.

"काय गं, वाट चुकलीस? की तुझा नवरा मेला?"

"नाही मेला. अजून तुमच्यावर रागावलाय."

"मग बरी आहे त्याची तब्येत. चल आत, कॉफी पी."

"काका, विलमाइननं दिलेलं झाड आहे का हो?"

मग तिच्या दंडाला धरून त्यांनी तिला घराला वळसा घालून मागे नेलं. "तिथंच लावलं होतं तेव्हा, पण इकडं येताना मुळांचा अख्खा गड्डा उचलून आणला. चार माणसं लागली," ते म्हणाले. "हे बघ. बघ कसं झालंय."

झाड छपराच्या वर गेलं होतं. बुंधा दोन हातांच्या ओंजळीत मावणार नाही एवढा. आणि खालपासून वरपर्यंत, एकूण एक पान लाल. सरळ, साधं, बिनकिनारीचं लाल. रस्त्याकडेला हजारो असतात तसं.

लाइस्बेतनं हाताशी आलेलं एक पान उलटून पाहिलं. "काका, यातले हिरवे फुटवे तुम्ही काढत नव्हता?"

"मी?" ते म्हणाले. "अगं, मी साठ वर्षं दिसेल त्याला कात्री लावली. पण या झाडाला कधी धार दाखवली नाही. पोरीची आठवण ती. म्हटलं, हिला जसं वाढायचंय तसं वाढू दे. एक काडी तोडली नाही, देवाशप्पथ."

"शिडी आहे?"

तासभर ती त्या झाडात होती. क्राइनकाका तेवढा वेळ खालून शिडी धरून उभे होते. आत, बुंध्याजवळ, लाल पानांच्या दाट सावलीत तिला जुन्या फांद्या सापडल्या. कलमाचा वेडावाकडा सांधा तिनं लगेच ओळखला. त्याच्या वर पेन्सिलीएवढ्या सात-आठ काड्या होत्या, आणि त्यांच्या सालीवर दुरंगी झाडाचे फिकट पट्टे होते. तिनं एकेक वाकवून पाहिली. प्रत्येक काडी कडकन तुटली, आत तपकिरी. हिरव्यानं वर चढून त्यांचं ऊन अडवलं होतं. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत यातली एखादी तरी जिवंत असणार. दोन-तीन वर्षांपूर्वी ती आली असती तर. पण नवऱ्याच्या रुसव्याचा मान राखत ती घरी बसली होती.

ती खाली उतरली. क्राइनकाका तिच्या तोंडाकडे बघत होते.

"बिघडलं का काही? माझ्याकडून काही चुकलं का गं?"

काय सांगायचं होतं? की तुम्ही प्रेमापायी कात्री लावली नाहीत आणि मी प्रेमापायी थांबले नाही, आणि दोघांनी मिळून पोरीची ती फांदी संपवली? "नाही काका," ती म्हणाली. "फार छान वाढवलंयत."

म्हातारा डोळे पुसून हसला. पाहुण्याला कॉफीबरोबर एकच बिस्कीट, ही तिकडची पद्धत; त्यांनीही तिला एक दिलं, डबा बंद केला, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उघडून दुसरं दिलं. दोन्ही खिशात घालून ती सायकलकडे गेली.

संध्याकाळी तिनं योस्तला सगळं सांगितलं. डॉक्टरकडे नाही, क्राइनकाकांकडे गेले होते, इथपासून. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. त्यानं ताटातला बटाटा काट्यानं चेचला आणि पुन्हा चेचला.

"सगळं साधं?"

"सगळं."

"मग हेच एक."

"योस्त, हे माझ्यामुळे झालंय. तुझे वडील सांगत होते. मी ऐकलं नाही. दर वर्षी सगळ्यात पांढरी काडी घेतली."

"मला दिसत होतं," तो म्हणाला. "मी अडवलं नाही. मलाही तीच आवडायची." मग काटा खाली ठेवून तो म्हणाला, "नाव तरी लागू दे गं तिचं. झाड जगलं आणि साधंच निघालं, तर ते तिचं कुठं राहिलं?"

लाइस्बेतकडे याला उत्तर होतं. तिला म्हणायचं होतं, जगू तरी दे. साधं तर साधं, बिननावाचं तर बिननावाचं, पण त्याच मुळांवरचं, त्याच फांदीच्या रक्तातलं काहीतरी या पट्टीवर उभं असू दे. पण समोर योस्त बसला होता, आणि त्याच्या दाढीचा एक पट्टा सकाळी राहून गेला होता. पुन्हा दाढी करायला लागल्यापासून असं झालं नव्हतं. तिला भीती वाटली. झाडापेक्षा माणसाची भीती मोठी असते, आणि तिनं माणूस निवडला.

बुधवारी दुपारी तिनंच कापलं. योस्तच्या हातून वेडंवाकडं झालं असतं. बुंध्याशी अगदी चपखल, साल न फाटू देता, तिनं तो फुटवा काढला आणि वर मेण लावलं. योस्तनं तो उचलून पिंपात टाकला आणि आगकाडी ओढली. ओली फांदी बराच वेळ धुमसली. लाल पानं आधी गेली.

गुरुवारी दहा वाजता समिती आली. तिघंही बूट दाराशी काढून मोज्यांवर स्वयंपाकघरात बसले, हवामान झालं, कुणाची पट्टी कुणी विकली ते झालं. योस्तनं बिस्किटांचा डबा झाकण न लावता टेबलावरच ठेवला, यावरून त्याची अवस्था काय ती समजा. मग सगळे मागे गेले. ऊन पडलं होतं. झाड गुलाबी दिसत होतं, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखं. तिघांपैकी धाकटा म्हणाला, "असं मी कधी पाहिलं नाही," आणि ते तो मनापासून म्हणाला. त्यांनी प्रत्येक फांदी उलटीपालटी करून पाहिली. एकही साधं पान नव्हतं.

"नाव काय म्हणालात?" फान नेसनं विचारलं. तो अध्यक्ष, सत्तरीचा, कमी बोलणारा.

"विलमाइन," योस्त म्हणाला. फान नेसनं ते कागदावर लिहिलं, सही केली आणि टोपी काढून योस्तचा हात हातात घेतला.

इतर दोघं योस्तबरोबर पुढे गेले. फान नेस मागे रेंगाळला. तो बुंध्याशी वाकला आणि मेणावरून त्यानं अंगठा फिरवला.

"कधी कापलात?"

"काल."

"हिरवा होता?"

"हो."

"कापायला नको होता, बाई." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "एवढ्या पांढऱ्या झाडाला हिरवा फुटवा येतो ना, तो बुडाशी पुष्कळदा मिसळलेला असतो. खालच्या पानाच्या बेचक्यातला एखादा डोळा निम्मा हिरवा, निम्मा पांढरा निघतो. त्याच्यावरून कलम केलं की मूळचं झाड परत हाती येतं, ठणठणीत. मी दोनदा पाहिलंय. अर्जाचं काय, आम्ही तीन वर्षांनी आलो असतो." तो सरळ झाला. "फांदी ठेवली असेल ना? त्यातला डोळा अजूनही काढता येईल. मी देतो काढून."

"जाळली," लाइस्बेत म्हणाली.

फान नेसनं टोपी घातली. "मी काही बोललोच नाही असं धरून चाला," तो म्हणाला आणि चरावरच्या पुलाकडे गेला.

ती तिथंच उभी राहिली. रडू येईल असं तिला वाटलं, पण तेही आलं नाही. आत नुसतं रिकामं झालं होतं. फुटव्याचा बुडखा तिनं स्वतःच्या हातात धरला होता. खालच्या डोळ्यांकडे तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं. पन्नास वर्षं हिरवा फुटवा म्हणजे शत्रू, तो कापायचा असतो, निरखायचा नसतो. आता या झाडावरून जानेवारीत कितीही काड्या घेतल्या तरी त्या फुटतील, मे महिन्यात चार पांढरी पानं काढतील आणि उन्हाळा संपायच्या आत मरतील. हे झाडही त्यांच्याबरोबर. यादीत नाव राहील, दर वर्षी छापलं जाईल, आणि त्या नावाचं काहीही कुठंही उगवणार नाही.

योस्त पाहुण्यांना पोचवून परत आला. तो भराभर चालत होता. कागद त्यानं सदऱ्याच्या आत, अंगाला लागून ठेवला होता. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं झाडाकडे बघत उभे राहिले.

"बघितलंस, त्या धाकट्याचं तोंड कसं झालं होतं?" तो म्हणाला. "क्राइनलाही कळवायला हवं. चल, आपणच जाऊ रविवारी. म्हाताऱ्यावर उगाच इतकी वर्षं डूख धरला मी." आणि मग, जरा थांबून, "जानेवारीच्या कलमांसाठी खुंट आजच सांगून ठेवतो. यंदा तू अगदी निवांत बस, घाई नको. तुझा हात आहे, लागतीलच. किती सांगू?"

त्याचा चेहरा तिनं आठ वर्षांत असा पाहिला नव्हता.

"पन्नास," लाइस्बेत म्हणाली.